आई-बाबा, मी एका वर्षासाठी बेलफास्टला जातेय

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दादाच्या हाती पाठवतेय. फोनवर हे नीट सांगून होणार नाही. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि आई, तू अर्ध्यातच फोन ओढून "जेवलीस का" विचारतेस. बाबांना डॉक्टरांनी अजून वाचायची मुभा दिली नसेल तर दादाच वाचून दाखवेल. बाबा, तुम्ही चोरून वाचू नका.

सरळ सांगते. मी एका वर्षासाठी बेलफास्टला जातेय. ते ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमधलं शहर. तिथल्या क्वीन्स विद्यापीठात लेखनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय, व्हिसा आलाय, तिकीटही काढून झालंय. कॉलेजने बिनपगारी रजा दिली आहे, म्हणजे नोकरी सुटलेली नाही, हे आई तू आधी मनात पक्कं कर. फी शिष्यवृत्तीतून भागते, राहण्या-जेवण्याचे पैसे मी बाजूला टाकलेले आहेत. वावर गहाण ठेवायचं, सोनं मोडायचं, दादाकडे मागायचं काही काम नाही. तुमच्या दवाखान्याच्या पैशांना मी हात लावलेला नाही. त्या पासबुकावर दादाचंही नाव आहे. आधी बोलले नाही, कारण बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. काळजीने बीपी वाढलं असतं तर डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली असती.

आई, तू आता म्हणशील, "काहून वं बाई, नागपुरात काय कमी हाय तुले? तिथं तं बॉम्ब फुटत होते म्हन्ते." खरं आहे, फुटत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ तीस वर्षं तिथे माणसं एकमेकांना मारत होती. एका बाजूला आयर्लंडमध्ये जाऊ म्हणणारे, बहुतेक कॅथलिक. दुसऱ्या बाजूला ब्रिटनसोबतच राहू म्हणणारे, बहुतेक प्रोटेस्टंट. आणि मधे पोलीस अन् लष्कर. साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. पण १० एप्रिल १९९८ ला करार झाला. आता तिथे जगभरातून मुलं शिकायला येतात. जुन्या वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत आणि काहींची फाटकं रात्री बंद होतात. माझी खोली विद्यापीठाच्या बाजूला आहे, त्या भिंतींपासून लांब.

आणि आई, तू कधीपासून आवाजाला भ्यायला लागलीस? २०१६ च्या मे अखेरीस पुलगावच्या दारूगोळ्याच्या भांडारात स्फोट झाले, त्या रात्री आपल्या खिडक्या थरथरत होत्या. तू काकूला हाताला धरून अंगणात आणलंस, शेजारची लेकरं चादरीत गुंडाळून बसवलीस आणि सकाळी नेहमीच्या वेळी चहा ठेवलास. मी तुझीच मुलगी आहे.

बाबा, याची सुरुवात तुमच्यापासून झाली, म्हणून तुम्हाला जरा जास्त लिहिते. तुमची मुक्कामी गाडी असायची. रात्री गाडी देवळासमोर लावून तुम्ही कंदिलाजवळ बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचायचे. पुस्तकात खूण म्हणून पंच केलेलं तिकीट असायचं. घरी आलात की खाकी शर्टाच्या खिशातून ते पुस्तक मी आधी काढायची, आणि तिकीट जिथे असेल त्याच्या पुढे वाचायची नाही, म्हणजे दोघं बरोबरीने चालू. आई म्हणायची, पोरीला खून-दरोडे वाचायला देता. पण मला वाचनाची गोडी लागली ती तिथेच. बाकी सगळं, एम.ए., नेट, नोकरी, त्याच्या मागून आलं.

बेलफास्टच्या ज्या गुन्हेगारी कादंबऱ्यांच्या मी गेली काही वर्षं मागे लागले आहे, त्या झुंजारसारख्या नाहीत. झुंजारच्या गोष्टीत पुस्तक मिटताना गुन्हेगार सापडलेला असतो आणि आपण निवांत झोपतो. इथे खुनी कोण ते गल्लीतल्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त सांगत कुणी नाही. सांगणाऱ्याला खबऱ्या म्हणतात, आणि खबऱ्याचं काय होतं तेही सगळ्यांना माहीत असतं. तपास करणाऱ्याला पुरावा मिळतो, साक्षीदार मिळत नाही. नाव सांगितलं की समोरचा त्यावरून धर्म ओळखतो. शाळेचं नाव सांगितलं तरी ओळखतो.

एड्रियन मॅकिंटी नावाचा लेखक तिथलाच, बेलफास्टजवळच्या कॅरिकफर्गसचा. त्याची 'द कोल्ड कोल्ड ग्राउंड' ही कादंबरी २०१२ ची, गोष्ट १९८१ ची. त्या वर्षी तुरुंगातले कैदी उपोषणाला बसले आणि त्यातले दहा जण मेले. शहर पेटलेलं असतं आणि त्यात शॉन डफी नावाचा पोलीस खुनाचा तपास करतो. तो कॅथलिक, पोलीस दल जवळजवळ सगळं प्रोटेस्टंट. त्यामुळे कचेरीतले त्याला पुरतं आपला मानत नाहीत आणि त्याच्या समाजाला तो गद्दार वाटतो. रोज सकाळी गाडीत बसण्याआधी तो खाली वाकून बघतो, पाऱ्याच्या स्विचचा बॉम्ब कुणी चिकटवलाय का. गाडी चढाला लागली की पारा सरकतो आणि स्फोट होतो. त्या काळी तिथल्या पोलिसांना हे रोजचंच होतं. लेखक ते दर वेळी सांगतो, दात घासल्याइतकं साधं करून. ते वाचताना मला तुम्ही दिसलात, पहाटे डेपोत चाकांवर पान्हा ठोकत, वाकून गाडीखाली बघत, चाळीस माणसांचा जीव आपल्या हाती आहे म्हणून. त्या पानापाशी मी ठरवलं की हे मराठीत आलं पाहिजे, आणि पुढे जाऊन असं काही आपल्याकडचं लिहिलं पाहिजे.

आपल्याकडचं म्हणजे गिरणीगावचं. बाबा, हे तुम्हाला आवडेल. बेलफास्ट एकेकाळी लिननसाठी जगात पहिलं होतं, आणि लिनन निघतं जवसाच्या झाडाच्या धाग्यातून. आपण जवस चटणीला अन् तेलाला पेरतो, तिथे त्याच झाडाच्या धाग्यावर शहर उभं राहिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला. तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच टंचाईत बेलफास्टच्या लिननलाही. दोन्हीकडे तेजी एकाच कारणाने आली. जहाजांचे कारखाने वेगळेच; टायटॅनिक तिथेच बांधली, १९११ ला पाण्यात सोडली. ऐन भरात त्या गोदीत तीसेक हजार माणसं कामाला होती. मग ऑर्डरी आटल्या, आणि शहरात दंगे सुरू झाले तेव्हा पोरांच्या हाताला काम नव्हतं. कॅरिकफर्गसचे कृत्रिम धाग्याचे कारखानेही पुढे, १९८० च्या आसपास, बंद पडले. डफी ज्या वस्तीत राहतो तिथली माणसं दिवसा दारात उभी दिसतात, कारण त्यांना कुठे जायचंच नसतं. ते वाचलं आणि मोठ्या काकांच्या चाळीचा ओटा आठवला. भोंगा बंद झाल्यावरची ती दुपार.

आता जे लिहितेय ते काकू जवळ असेल तर मोठ्याने वाचू नका.

बेलफास्टमध्ये काही माणसं घरातून नेली गेली आणि परत आलीच नाहीत. त्यांना 'गायब झालेले' असंच म्हणतात. १९७२ मध्ये दहा लेकरांच्या एका आईला असंच नेलं. २००३ मध्ये ती समुद्रकाठच्या वाळूत सापडली. १९९९ ला ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी मिळून एक आयोग नेमला. माहिती सांगणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही, त्याच्यावर त्या माहितीवरून खटला चालत नाही. फक्त हाडं कुठे आहेत ते सांगा, एवढंच मागणं. दलदलीच्या रानात अजून खोदकाम होतं. तिथल्या कादंबऱ्यांत ही माणसं पुन्हा पुन्हा येतात. स्टुअर्ट नेव्हिलच्या 'द ट्वेल्व्ह' मध्ये तर मारणाऱ्याच्याच मागे त्याने मारलेली बारा माणसं रात्रंदिवस उभी असतात आणि हिशेब मागतात.

आपले काकाही गेले ते परत आले नाहीत, पण त्यांना कुणी नेलं नाही, मला माहीत आहे. तो काळ वेगळा, आपलं दुःख वेगळं. पण काकू अजून मंगळसूत्र घालते आणि संक्रांतीला वाण घेते, आणि गावात कुणी तिला काही विचारत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय. असं घर कसं लिहायचं, ते मला त्या लेखकांकडून शिकायचंय. बाबा, भिऊ नका, घरातली गोष्ट बाजारात मांडणार नाही. काकूचं नाव, गावाचं नाव, गिरणीचं नाव काही येणार नाही. लिहून झालं की पहिलं तुम्ही वाचायचं. तुम्ही नको म्हणालात ते पान निघेल.

आता माझी काळजी. थंडी आपल्याला वाटते तेवढी नाही. समुद्र जवळ असल्यामुळे फार बर्फ पडत नाही, पण पाऊस सतत. दोन स्वेटर नि चांगला रेनकोट घेतलाय. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, त्याची सवय करावी लागेल. डाळ-तांदूळ मिळतात, खोलीला स्वयंपाकघर आहे. आई, तुझी जवसाची चटणी आणि काळा मसाला घट्ट डब्यात भरून दे, सांडगे मात्र नको, सामानाचं वजन वाढतं. हिवाळ्यात तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे माझे दुपारचे तीन. रोज त्या वेळी फोन करेन. वर्ग असला तर आधी दादाला कळवेन, म्हणजे तू फोन हातात धरून ओसरीत बसणार नाहीस.

महालक्ष्म्यांना मी नसेन, हे लिहिताना हात थांबला होता. आंबिलीचं पातेलं उतरवायला मला बोलवायचीस, पुरणाची पहिली पोळी हातावर ठेवायचीस. या वर्षी वहिनीला सगळं नीट सांग, ती करेल, तिला रागावू नकोस. सोळा भाज्या निवडायला शेजारच्या मावशींना बोलव. एकटीने रात्रभर उभी राहिलीस तर पायाची सूज वाढेल. मला कळेलच, वहिनी सांगणार आहे.

तुमच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवते, सकाळच्या लाल डब्यात, रात्रीच्या निळ्या डब्यात. पुढच्या दादा आणेल. साखर तपासायचं यंत्र कपाटावर पडून आहे, आई, ते वापरायचं. बाबांनी मोटार सुरू करायला रात्री वावरात जायचं नाही. लाईन रात्रीच येते, मला माहीत आहे, पण गडी जाईल, त्याचे पैसे मी दिलेले आहेत. पऱ्हाटीवर फवारणी तर तुम्ही अजिबात करायची नाही, तोंडाला दुपट्टा बांधून सुद्धा नाही. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून झाली आहे. उन्हाळ्याआधी कूलरला नवं गवत बसवायला माणूस येईल.

बाबा, डफीच्या पहिल्या प्रकरणाचा मराठी अनुवाद मोठ्या टायपात छापून आणतेय, फक्त तुमच्यासाठी. डॉक्टर हो म्हणाले की वाचा, दिवसाउजेडी. कुठे भाषा अडखळली तिथे पेन्सिलने खूण करा, तुमच्याइतक्या रहस्यकथा माझ्या ओळखीत कुणी वाचलेल्या नाहीत.

खांदमळणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचते, पोळा करूनच निघेन. रागवायचं असेल तर तेव्हा समोर बसवून रागवा, मी ऐकून घेईन. त्याआधी मंगळवारी बाबांच्या डोळ्याची तपासणी आहे. दादा सकाळी आठला गाडी घेऊन येईल. ड्रॉप्सची बाटली आणि जुनी फाईल सोबत घ्या, काळा चष्मा घातल्याशिवाय उन्हात उतरू नका, आणि आई, तू सोबत जाणार असशील तर आधी खा, गोळी घे, मगच गाडीत बस.

तुमची,
बेबी