कढीपत्त्यावरच्या अळ्या

पोलादपूर, रविवार

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर मी मुद्दामच पुन्हा लावला नाही. फोनवर आपण दोघी एकमेकींचं बोलणं तोडतो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. बंड्या उद्याच्या गाडीने पुण्याला यायचाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि कोकमाच्या आगळाची बाटली देते आहे. ताईआत्याचे रिपोर्ट बुधवारी मिळतील, आले की कळवीन.

सोहमने चहाडी करायला फोन केला नव्हता, हे आधी सांगते. सकाळी शाळेत जाताना कढीपत्त्यावर अळ्या होत्या, दुपारी आल्यावर सगळ्या कुंडीतल्या मातीत पडलेल्या होत्या, एवढंच म्हणाला. रडला नाही. मग म्हणाला, ‘घाण असते ती, आजी.’ हा शब्द त्याचा नव्हे गं. आदल्याच आठवड्यात हाच पोरगा मला सांगत होता, की अळीला काडी लावली तर डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर येतात आणि कसला तरी उग्र वास सुटतो. किती बारीक पाहिलं होतं त्याने! आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मधे पांढरा डाग, म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रोज दात घासताना गॅलरीत उभा राहून त्याने ते स्वतः हेरलं.

तू फवारलेल्या औषधाचं म्हणशील, तर तोच कढीपत्ता आपण आमटीच्या फोडणीत टाकतो. अळ्यांनी पानं खाल्ली म्हणून झाड काही मरत नाही, महिन्याभरात नवा पाला फुटतो. एक फांदी त्यांना सोडली असती तरी तुझ्या फोडणीला काही कमी पडलं नसतं. असो. यावर आता काही लिहीत नाही.

तू म्हणालीस, ‘विंचू मला चावला होता, तुला नाही.’ खरं आहे. पण ती रात्र माझीही आहे, मेघना. वैशाखातली, पावसाआधी पडवीत लाकडं रचत होतो ती. तुझा फ्रॉक घामाने भिजला, हातपाय गार पडले, उलट्या थांबेनात. जीपमध्ये बाबा तुला मांडीवर घेऊन बसले होते आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर तुला हाक मारत होते. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली आणि पहाटेपर्यंत तुझ्या उशाशी बसून राहिले. आपल्या महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही गोळी लाल विंचवाच्या दंशावर चालते हे दाखवून दिलं, नाहीतर त्याआधी कोकणात अशी किती पोरं हातची गेली. तेव्हा मला भीतीचं काही सांगू नकोस. अजूनही मी सरपणाला हात घालण्याआधी काठीने ठोकून घेते.

पण त्यानंतरचं तुला आठवतं का? श्रावणात न्हाणीघरामागे दगड हलवला आणि खाली विंचवीण. तू मागे सरलीस, बाबांच्या हातातली बॅटरी घेतलीस आणि लांबूनच उजेड टाकत ओरडलीस, ‘आई, खरंच बिऱ्हाड पाठीवर!’ पांढुरकी, तांदळाएवढी पिल्लं एकमेकांवर दाटीवाटीने बसलेली. मी दारातून पुढे येईना आणि तू मात्र ती मोजत होतीस. ज्या पोरीला विंचवाने जवळजवळ नेलं होतं, ती तिथे उकिडवी बसून पिल्लं मोजत होती. मंदाकाकूने मला त्यावरून केवढं ऐकवलं! पण मला त्या दिवशी तुझा जो अभिमान वाटला, तो तुझ्या इंजिनिअरिंगच्या निकालाच्या दिवशीही वाटला नाही. कधी बोलले नाही एवढंच.

म्हणून म्हणते, तुझी ही भीती विंचवाची नाही. सोहम झाल्यापासूनची आहे. तो पोटात असताना तू पालीला बघून किंचाळलीस तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं. त्यात गैर काही नाही, आईला भीती वाटायचीच. पण ती त्याच्या डोळ्यांत उतरता कामा नये. एकदा ‘शी’ म्हणायची सवय लागली की पोर थांबून बघत नाही, आणि बघायचं थांबलं की विचारायचंही थांबतं. हीच एक काळजी मला रात्री झोपू देत नाही. अळ्यांवर लिहिणार नाही म्हटलं आणि परत तिथेच आले बघ.

मार्चमध्ये त्याला वेळासला कासवं दाखवायला नेलंस, त्याचं मला फार कौतुक आहे. पण तिथेही काय घडलं होतं? त्या किनाऱ्यावर कासवं पूर्वीपासून अंडी घालतच होती आणि माणसं ती उकरून नेत होती. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं आणि गावकरी ती घरटी राखू लागले. रोजच्या पायाखालच्या वाळूकडे गावाने नीट बघितलं. तुमच्या चौथ्या मजल्यावरही बघण्याजोगं कमी नाही. रात्री ट्यूबलाइटपाशी येणारी पाल नीट बघायला सांग त्याला. तिला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, ते झाडूने पाडू नका. ती आत अळी आणून ठेवते, बेशुद्ध केलेली, पिल्लाच्या खाण्यासाठी. हे ऐकून त्याला वाईट वाटेल. वाटू दे. त्याचे प्रश्न येतील, त्यांची उत्तरं तुला येत नसतील तर ‘आपण बघू या’ म्हण. तुझे बाबा तुला हेच म्हणायचे.

फार लांबलं. मास्तरीण झाले, राग मानू नकोस. दिवसभर ऑफिस करून घरी आल्यावर पानावर लिबलिबीत काहीतरी दिसलं तर कुणाचाही हात फवाऱ्याकडे जाईल, हे मला इथे बसून कळतं. जावईबापूंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळत जा.

तुझी
आई

ता. क. बाबांचं भिंग सोहमसाठी पाठवते आहे. कडेला तडा गेलाय, बोट सांभाळून धरायला सांग. उन्हात किड्यावर धरायचं नाही, भाजतो तो. आणि दिवाळीत इकडे याल तेव्हा त्याचे बूट रोज झटकून मगच त्याला घालायला दे, विसरू नकोस.