टॉर्कच्या रकान्यात अश्वशक्ती

प्रति,
मा. संपादक,

विषय : रविवारच्या वाहन पुरवणीतील पोर्शे ९११ कॅरेराच्या तांत्रिक चौकटीतील चुका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत वापरलेल्या आलिशान गाड्यांच्या बाजारावर जो लेख आला आहे, त्याच्या चौकटीत २०१९ साली दाखल झालेल्या पोर्शे ९११ कॅरेरा या दोन दारांच्या कूपे गाडीचा तांत्रिक तपशील दिला आहे. मी वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात एकतीस वर्षे क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणारा इंजिनाचा दांडा) घासण्याचे आणि सिलिंडर बोअरिंगचे काम केले. माझ्या हाताखालून गेले ते ट्रकचे, टेम्पोचे आणि मच्छीमार बोटींचे क्रँक. पोर्शेचा क्रँक तिथे कधी आला नाही, हे आधीच सांगतो. परंतु इंजिन कोणतेही असो, त्याच्या आकड्यांचा हिशेब एकच असतो, आणि आपल्या चौकटीतला हिशेब जुळत नाही.

हे माझ्या ध्यानात आले ते आमच्या सोसायटीतील एका तरुण डॉक्टरांमुळे. घोडबंदर रस्त्यावरील एका विक्रेत्याकडे अशीच गाडी पाहायला ते निघाले होते. हातात आपले कात्रण होते आणि ‘४५० अश्वशक्ती, ३८५ न्यूटन मीटर टॉर्क’ या ओळीखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली होती. ‘काका, साडेचारशे म्हणजे ती वरची एस आवृत्तीच झाली ना?’ असे त्यांनी विचारले. मी कात्रणाच्या कोऱ्या कडेवर गुणाकार मांडला. किलोवॉटमधील शक्ती म्हणजे टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) गुणिले मिनिटाला होणारे फेरे, भागिले ९५४९. चारशे पन्नास अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३३१ किलोवॉट. केवळ ३८५ न्यूटन मीटरच्या जोरावर एवढी शक्ती काढायची, तर इंजिनाला मिनिटाला ८२०० हून अधिक फेरे घ्यावे लागतील, आणि त्याच चौकटीत कमाल फेरे ७५०० असल्याचे आपणच छापले आहे. दोन्ही आकडे एकमेकांच्या रकान्यात जाऊन बसले आहेत, हे तिथेच उघड झाले.

२०१९ च्या या साध्या कॅरेराची शक्ती ३८५ अश्वशक्ती आणि टॉर्क ४५० न्यूटन मीटर आहे. हा टॉर्क १९५० ते ५००० फेऱ्यांपर्यंत कायम राहतो आणि कमाल शक्ती ६५०० फेऱ्यांवर मिळते. आता तोच गुणाकार करून पाहावा. ५००० फेऱ्यांवर सुमारे २३६ किलोवॉट येतात, तर ६५०० फेऱ्यांवर टॉर्क ४१६ न्यूटन मीटरच्या आसपास उतरूनही शक्ती २८३ किलोवॉटपर्यंत चढते, कारण टॉर्क जेवढा घटतो त्याहून फेरे अधिक वाढलेले असतात. त्याच वेळच्या कॅरेरा एसचे आकडे मात्र ४५० अश्वशक्ती आणि ५३० न्यूटन मीटर असे आहेत. दोन्ही इंजिने २९८१ सीसीचीच, दोन्हींना दोन-दोन टर्बोचार्जर. साध्या कॅरेराचे टर्बो लहान एवढेच. म्हणजे नुसती सीसी विचारून खरेदीदाराला यातली कोणती गाडी समोर उभी आहे ते कळणार नाही, आणि तुमच्या चौकटीवर विसंबलेला माणूस साध्या गाडीला एसचा भाव देऊन बसेल. नव्या गाडीबरोबर कंपनीची माहितीपत्रिका तरी हाती येते. वापरलेल्या गाडीच्या व्यवहारात पुष्कळदा असे कात्रणच पुढे केले जाते.

जाता जाता एककाविषयी. जर्मन कंपन्या शक्ती पीएसमध्ये देतात. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॉट, तर इंग्रजी अश्वशक्ती ७४५.७ वॉटची असते, म्हणून ३८५ पीएसचे इंग्रजी मापात सुमारे ३८० होतात. फरक थोडा आहे. पण शेजारच्या चौकटीतील ब्रिटिश गाडीशी तुलना करताना दोन्हीकडे ‘एचपी’ असेच छापले आहे, ते बरोबर नाही.

याहून मला अधिक खटकले ते ९११ च्या बॉक्सर इंजिनाविषयीचे लेखातील एक वाक्य : ‘बॉक्सर इंजिन म्हणजे व्ही सिक्सचेच १८० अंशांत उलगडलेले रूप होय.’ व्ही सिक्सचे सहा सिलिंडर इंग्रजी व्हीसारखे दोन तिरप्या रांगांत असतात आणि बॉक्सरचे दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले असल्याने बाहेरून तसे वाटणे साहजिक आहे. खरा भेद क्रँकवर असतो आणि तो क्रँक हातात घेतल्याखेरीज दिसत नाही. व्ही इंजिनाचे जे क्रँक आमच्याकडे घासायला येत, त्यांच्या एकेका पिनवर (क्रँकच्या बाजूला काढलेल्या खुंटीवर) पिस्टनला जोडणारे दोन कनेक्टिंग रॉड शेजारी शेजारी बसत, त्यामुळे पिन रुंद असे आणि ती ०.२५ मिलिमीटरने उतरवली की एका पिनसाठी बेअरिंगचे दोन जोड मागवावे लागत. असे इंजिन १८० अंशांत उलगडले, तर समोरासमोरच्या पिस्टनांपैकी एक बाहेर जाताना दुसरा आत येईल. बॉक्सरमध्ये प्रत्येक पिस्टनला स्वतःची पिन असते आणि समोरासमोरच्या दोन पिना एकमेकींच्या बरोबर उलट दिशेला असतात. त्यामुळे दोन्ही पिस्टन एकाच क्षणी बाहेर जातात आणि एकाच क्षणी आत येतात, लढतीआधी दोन मुष्टियोद्धे हातमोज्यांवर हातमोजे आपटतात तसे. एकाचा धक्का दुसरा जागच्या जागी खोडून काढतो, म्हणून सहा सिलिंडरच्या बॉक्सरला थरथर मारणारा वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागत नाही.

नावाने फसणारे आपले लेखक पहिले नव्हेत, हेही मान्य केले पाहिजे. फेरारीने १९७३ पासून जी ‘बर्लिनेटा बॉक्सर’ विकली, तिच्या बारा सिलिंडरांच्या इंजिनात एका पिनवर दोन रॉड होते; म्हणजे नाव बॉक्सर आणि घडण १८० अंशांच्या व्हीची. आपल्याकडे तर बजाजची बॉक्सर मोटारसायकल घरोघरी होती आणि तिला सिलिंडर एकच होता!

९११ च्या या इंजिनाला लेखात ‘परंपरेप्रमाणे हवेने थंड होणारे’ म्हटले आहे, तेही चूक आहे. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम आली तेव्हा तिचे १९९१ सीसीचे, १३० पीएसचे इंजिन हवेनेच थंड होत असे. ती पद्धत १९९८ मध्ये ९९३ या पिढीबरोबर संपली. आजचे इंजिन पाण्याने थंड होते.

जे खरोखर लिहिण्याजोगे होते, त्याला लेखाने हातही लावला नाही. जागा गेली ती आसनांच्या चामड्यात आणि आतल्या रंगीत दिव्यांत. उदाहरणार्थ, तेलाची व्यवस्था. आपल्या नेहमीच्या गाड्यांत तेल इंजिनाखालच्या सम्पमध्ये साठते. सपाट इंजिनाची गाडी वेगाने वळली की हे तेल बाजूच्या सिलिंडर हेडकडे धावते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग कोरडी पडतात. बेअरिंग कोरडे पडले की क्रँक तापून निळा होतो. असे निळे क्रँक मी किती पाहिले याची गणती नाही. म्हणून ९११ ला सुरुवातीपासून ड्राय सम्प आहे. पंप खालचे तेल उपसून टाकीत नेतो आणि तिथून ते बेअरिंगांना मिळते. पूर्वी ही टाकी इंजिनापासून वेगळी होती. १९७२ च्या मॉडेलमध्ये तिचे तोंड गाडीच्या उजव्या अंगावर, बाहेरून उघडणाऱ्या झाकणाखाली दिले, तेव्हा पेट्रोल पंपावरचे लोक तिच्यात पेट्रोल भरू लागले आणि पुढच्याच वर्षी कंपनीला ते झाकण काढून टाकावे लागले.

किंवा बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाची, गोष्ट घ्या. १९७३ च्या कॅरेरा आरएसमध्ये क्षमता २६८७ सीसीपर्यंत नेताना सिलिंडरमधील लोखंडी अस्तर काढले, ॲल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर चढवला आणि त्या वाचलेल्या जागेत बोअर ८४ वरून ९० मिलिमीटरचा केला. आमच्यासारख्यांचे पोट झिजलेला सिलिंडर मोठा करून त्यात नवा ओव्हरसाइज पिस्टन बसवण्यावर चालत असे. असा थर असलेला सिलिंडर आमच्या मशिनवर चढवला असता, तर पहिल्याच फेरीत थर गेला असता आणि सिलिंडरही. वापरलेली गाडी घेणाऱ्याला इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च का एवढा येतो, हे चामड्याच्या वर्णनापेक्षा अशा एका परिच्छेदातून अधिक कळले असते.

माझी विनंती एवढीच की, शक्ती आणि टॉर्क यांच्या आकड्यांचे शुद्धिपत्र त्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि चौकटीच्याच टायपात छापावे. डॉक्टरसाहेबांनी विक्रेत्याकडे जाणे पुढच्या शनिवारपर्यंत लांबवले आहे.

आपला,
एक निवृत्त कारागीर
वागळे इस्टेट, ठाणे