फळ्यावरची आजी

केंब्रिज, 28 फेब्रुवारी

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आप्पा म्हणतीलच. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता आणि आजीला काही ऐकू येत नाही. हे सोनूनं तिला सावकाश वाचून दाखवावं.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. व्हिडिओत वाळलेली दिसते ती कॅमेऱ्यामुळे. थंडीची काळजी नको, खोलीत हीटर आहे. आईची गोधडी आपली उगाच अंगावर असते.

इथली एक तऱ्हा सांगते, मलाच ती अजून धड कळलेली नाही. आमच्या प्रयोगशाळेत सकाळी अकराच्या चहाला, ज्याची पाळी असेल त्यानं फळ्यावर ‘आजचा दिवस’ लिहायचा, म्हणजे याच तारखेला पूर्वी काय घडलं ते. तीन नोंदी : दोन खऱ्या, एक थाप. बाकीच्यांनी थाप ओळखायची. हसायचं नाही, थाप मारणाऱ्यानं तर मुळीच नाही. बक्षीस काही नाही. हरणारा दुसऱ्या दिवशी बिस्किटं आणतो, आणि जिंकणाऱ्यानं आणली तरी चालतात! पीएचडी झालेली माणसं वीस-वीस मिनिटं यावर भांडतात, मग कप विसळून गुपचूप कामाला लागतात. पारावर आपल्याकडेही थापा चालतात, पण कोण मारतोय ते सगळ्या गावाला ठाऊक असतं.

आज पाळी माझी होती. पहिली नोंद : 1928, कलकत्ता. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्याशा प्रकाशाचा रंग बदलतो, हे सी. व्ही. रामन यांना दिसलं; 1930 साली नोबेल मिळालं. दुसरी : 1953, इथलंच केंब्रिज. ईगल नावाच्या पबात दुपारच्या जेवणाला येऊन फ्रान्सिस क्रिकनं ‘जीवनाचं रहस्य सापडलं’ असं जाहीर केलं. डीएनएचा पीळ त्याला आणि जेम्स वॉटसनला उलगडला होता. तिसरी : खान्देशातल्या एका आजीनं पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजताना धूर पाहून पाहुणे कोणत्या गावाहून येताहेत ते ओळखण्याचं शास्त्र शोधलं.

बहुतेकांनी रामनलाच थाप ठरवलं! एकाच तारखेला बरोबर 25 वर्षांच्या अंतरानं दोन शोध, हे फार जुळवल्यासारखं वाटतं म्हणे. एक जण रोज रामनच्याच नावाच्या यंत्रावर काम करतो. त्याला ते यंत्राचंच नाव वाटत होतं. मला राग आला, पण हसायची बंदी तशी रागवायचीही असावी. आजीवर मात्र कोणाला शंका आली नाही. धूर किती लांबून ओळखते, एवढंच विचारलं. मी म्हटलं, फैजपूरपर्यंत नक्की.

क्रिकची गोष्ट तरी पूर्ण खरी कुठे? ती वॉटसननं लिहून ठेवली; क्रिकला स्वतःला तसं बोलल्याचं आठवत नव्हतं. आणि हो आप्पा, त्या पबात मी गेले होते, बाहेरची पाटी बघायला. आत फक्त लिंबाचा सोडा घेतला. सोनूनं दाखवलेल्या फोटोत मागे दिसतात ते ग्लास दुसऱ्यांचे.

आजीची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही ना? इथं आता ती 28 फेब्रुवारी झाली आहे. तिचा गुडघा सोनूनं मला सांगायचा नव्हता, पण सांगितला. डॉक्टरकडे न्या, खर्चाचं मी बघते.

केळीचा भाव पडला तेही कळलं. ठिबकच्या नळ्यांसाठी 40,000 पाठवलेत, परत करायचा विषय काढू नका. मामींनी आणलेल्या स्थळाचं : मुलगा चांगलाच असेल, पण इथलं काम दोन वर्षांनी वाढलंय आणि मी सही करून बसलेय. आधी विचारायला हवं होतं. मागच्या रविवारी सांगणार होते, तेवढ्यात आईनं पापडांचा विषय काढला. मामींना तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं होणार नाही.

आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. माझं लग्नही नाही आणि येणंही नाही. रजा मिळत नाही, खरंच. झोका बांधताना सोनूला जुना दोर नीट बघायला सांगा, मागच्या वर्षी एका बाजूनं उसवला होता.

तुमची,
ताई