कौल लावण्याआधी

फोंडा

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

भागीदाराने शब्द फिरवला म्हणून तू ग्रामदेवीला प्रसाद लावणार, म्हणजे कौल मागणार आहेस, असे तुझी आई म्हणाली. जरूर लाव. फक्त रीत समजून घे.

प्रश्न एकच असावा, हो की नाही इतकाच. ‘भागी सोडू का, आणि सोडली तर दुकान फोंड्यात घालू की मडगावात?’ असे विचारलेस तर गाऱ्हाणे घालणारा भटजीही घोटाळ्यात पडेल. ‘यंदा भागी सोडणे बरे असेल तर उजवा दे’, बस्स. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कुठे पाकळ्यांऐवजी कळे लावतात, देवळागणिक फरक असतो, म्हणून पुजाऱ्याला आधी विचारून ठेव. कधी पाकळी बराच वेळ हलत नाही. तेव्हा चुळबूळ करायची नाही.

पाणी सुकले की पाकळी सुटायचीच, हे मलाही कळते. कसोटी लागते ती डावा आल्यावर. मनाजोगते उत्तर मिळेपर्यंत आज इथे, उद्या मंगेशीला, परवा कवळ्याला कौल लावत फिरणारे पुष्कळ आहेत. ते आणि तुझा भागीदार यांत मला फारसा फरक दिसत नाही.

‘पैसे कोणी खाल्ले?’ हे तर विचारूच नको. पाकळीवरून चोर ठरवला की कायमची तेढ. त्यासाठी वही आहे, बँकेचे स्टेटमेंट आहे, भागीचा करार आहे. दुकानाची जागा दोघांची असेल तर एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, काढून नावे बघ. आपल्या गोव्यात लग्न झालेल्याला जागा विकायची तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. भागीदाराने एकट्यानेच काही लिहून दिले असेल, तर तो कागद आधी वकिलाला दाखव. एवढे झाल्यावर जे उरेल, ते देवीपुढे ने.

माणसे फिरतात हे देवाला नवे नाही. १५६० साली मंगेश कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला आला, तो माणसांच्याच हातून. पोर्तुगीज देवळे पाडत होते त्या काळात घरदार राखायला कोणी मागे राहिले, कोणी देव घेऊन निघाले, कधी एकाच कुळातले. लिंग पोचले.

रविवारी देवळात गर्दी असते, तेव्हा नको. नारळ काढणारा पाडेली येऊन गेला आहे, नारळ घरचाच ने. शेंडी काढू नको.

तुझा,
बाबा