वेबसाइटच्या किल्ल्या कोणाच्या खिशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ येत चालला तशी नाशिकमध्ये वेबसाइट करून घेण्याची एकच घाई सुरू झाली आहे. पंचवटीतील लॉज, त्र्यंबक रस्त्यावरील हॉटेले, गाड्या भाड्याने देणारे, इतकेच काय पण पूजासाहित्याचे दुकानदारसुद्धा २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अमृतस्नानांच्या आधी आपले नाव इंटरनेटवर यावे म्हणून कोणा ना कोणा डिझायनरला गाठत आहेत. मी गेली अकरा वर्षे इंदिरानगरमधील घरातून हेच काम स्वतंत्रपणे करते आणि या घाईत माझाही धंदा होतो आहे, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही यांतील बहुतेक व्यवहार कागदाच्या एका ओळीशिवाय, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ठरत आहेत, आणि त्याचे परिणाम काय होतात हे मी जवळून पाहिले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मागच्या द्राक्षहंगामात दिंडोरी तालुक्यातील एका निर्यातदारांचा सकाळी सात वाजता फोन आला. माल पॅकहाउसमध्ये तयार, नेदरलँड्समधील खरेदीदाराशी कागदपत्रांची देवाणघेवाण चालू, आणि नेमकी त्यांची वेबसाइट बंद पडलेली. वेबसाइटचे एक वेळ चालले असते. परंतु त्यांचे सगळे ई-मेल त्याच डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या नोंदवलेल्या नावावर, असल्यामुळे खरेदीदाराचे मेल परत जात होते. शोध घेतल्यावर कळले की डोमेनची मुदत सहा दिवसांपूर्वीच संपली होती. वर्षाला जेमतेम हजार-बाराशे रुपयांचे ते नूतनीकरण, पण त्याच्या सूचना जात होत्या त्या आधीच्या डिझायनरच्या ई-मेलवर, कारण डोमेन त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने घेतले होते. तो आता पुण्यात नोकरीला होता, जुना मोबाइल नंबर त्याने केव्हाच बंद केला होता आणि ओटीपी त्याच नंबरवर जात होता. डॉट कॉम नावांची मुदत संपली की नोंदणी करणाऱ्या बहुतेक कंपन्या काही आठवडे जुन्याच दराने नूतनीकरण करू देतात, त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून नाव सोडवता येते आणि शेवटी पाच दिवसांनी ते जगात कोणालाही घेण्यास मोकळे होते. आम्ही वेळेत होतो, एवढेच नशीब. तिसऱ्याच एका डिझायनरकडून त्या मुलाचा नवा नंबर मिळाला, त्याने ऑफिसच्या जिन्यात उभे राहून खात्याचा पासवर्ड सांगितला, जुन्या नंबरऐवजी ई-मेलवर कोड मागवण्याची सोय करून दिली आणि दुपारपर्यंत मेल सुरू झाले.

फोन ठेवताना तो एवढेच म्हणाला, ‘‘ताई, माझे शेवटचे आठ हजार अजून यायचे आहेत.’’ निर्यातदारांना विचारले तर ते म्हणाले की मुलगा काम अर्धवट टाकून गायब झाला. दोघांचेही म्हणणे खरे होते. काम ‘पूर्ण’ झाले म्हणजे नेमके काय झाले, हे कोणीच लिहून ठेवले नव्हते.

येथे मला माझीही एक चूक सांगितली पाहिजे. २०१७ मध्ये येवल्याच्या एका पैठणी विक्रेत्यांचे डोमेन मी असेच ‘सोयीसाठी’ माझ्या खात्यातून घेतले होते. बिल अडकले तेव्हा किल्ली आपल्या हातात आहे याचे मला बरे वाटले, आणि ऐन दिवाळीच्या आठवड्यात दोन दिवस मी त्यांच्या वेबसाइटवर ‘दुरुस्तीचे काम सुरू आहे’ असा फलक लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी पैसे आले. ते ग्राहक मात्र पुन्हा कधी आले नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. डोमेन म्हणजे दुकानाचा पत्ता. रंगाऱ्याची मजुरी थकली म्हणून त्याने दुकानाला स्वतःचे कुलूप लावावे, तसा तो प्रकार होता.

मग डिझायनरने आपले पैसे सुरक्षित ठेवावेत कसे, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर कायद्यात आहे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार, नोकरीत नसलेल्या व्यक्तीने तयार केलेल्या डिझाइनचा आणि कोडचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे त्या व्यक्तीचाच असतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच मानले जाते. म्हणजे पैसे पूर्ण देऊनही ज्या व्यावसायिकाकडे कागद नाही, त्याची वेबसाइट पूर्णपणे त्याची झाली आहे असे खात्रीने म्हणता येत नाही, आणि ज्या डिझायनरकडे कागद नाही त्याला पैसे बुडाल्यावर काय धरून बसायचे हे कळत नाही. येवल्याच्या त्या प्रसंगानंतर मी एक पानाचा करार करते. डोमेन आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा) पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ई-मेलवर, त्यांच्याच कार्डाने घेतलेले. डिझाइनचा हक्क शेवटचा हप्ता मिळाल्यावर कायमचा त्यांचा. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन, तिसरीपासून वेगळे पैसे. हे पान पाहून आजवर फक्त दोघे उठून गेले, आणि ते गेले ते बरेच झाले.

दुरुस्त्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी कुरबुर तेथेच असते. ‘‘एक पान तर आहे, त्याला कितीसा वेळ लागतो?’’ हे वाक्य नाशिकमधील प्रत्येक डिझायनरने ऐकलेले आहे. सराफ बाजारातील एका पेढीचे ‘एक पान’ मी गेल्या वर्षी केले. मजकूर आला तो छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच, नुसती इंग्रजी अक्षरांची रास होती. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, उतरवली तेव्हा रफार आणि जोडाक्षरे जागोजाग तुटली, आणि ‘सुवर्णालंकार’ हा शब्द एकट्या त्या पानावर अकरा ठिकाणी हाताने दुरुस्त करावा लागला. नंतर पेढीवरील आजोबांनी मोबाइलवर पान पाहून सांगितले की ‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे दिसतात. त्यांचे बरोबर होते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितले नाही, तर चांगला फॉन्टसुद्धा बहुधा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दाखवत नाही. आणि ते सांगायचे राहिले होते ते माझ्याकडूनच. ती दुरुस्ती अर्थातच मी फुकट केली. मात्र त्यानंतर घरातील तीन भावांनी तीन वेगवेगळे रंग सुचवले, आणि प्रत्येक वेळी ‘जरासा बदल’ म्हणून रात्री साडेदहाला संदेश आला, तेव्हा करारातील दोन फेऱ्यांची ओळ कामी आली. रंग कोणता हे घरात आधी ठरवून एकाच माणसाने कळवावे, असे मी सुचवले. ते मानले गेले आणि पेढीशी संबंधही चांगले राहिले.

थकलेल्या पैशांबाबत आणखी एक गोष्ट आमच्या क्षेत्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरलाही ‘उद्यम’ ही केंद्र सरकारची लहान उद्योगांसाठीची नोंदणी करता येते, ती ऑनलाइन असून मोफत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे, अशा नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही अशी तरतूद आली की, या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांकडून मला मार्चअखेरीस येणाऱ्या पैशांचा ओघ तेव्हापासून बराच सुधारला आहे. व्याज मी आजवर कोणाकडेही मागितलेले नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्समधील माणूस ते बिल वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, एवढा फरक पुरेसा होतो.

आता थोडे आम्हा डिझायनरांविषयी, कारण सगळा दोष ग्राहकांवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसऱ्याने केलेली वेबसाइट हाती घेताना आपण पहिले वाक्य काय उच्चारतो? ‘‘कोणी केलंय हे?’’ त्यामागचा सूर ग्राहकाला बरोबर कळतो. माझा स्वतःपुरता नियम असा आहे की लॉगिन उघडण्याआधी जुन्या डिझायनरला फोन करायचा, त्याचे काही येणे आहे का हे विचारायचे, असल्यास ग्राहकाला आधी ते मिटवायला सांगायचे आणि मगच बॅकअप घ्यायचा. दहापैकी आठ वेळा तो माणूस सौजन्यानेच बोलतो आणि शोधण्यात दोन दिवस गेले असते अशी एखादी गोष्ट सांगून टाकतो.

पाच हजारांत वेबसाइट करून देणाऱ्या महाविद्यालयीन मुलांवर आमच्यातील अनेकांचा राग आहे, माझा नाही. विकत मिळणारी तयार थीम, म्हणजे वेबसाइटचा आयता साचा, वापरून केलेले साधे पान लहान दुकानदाराला पुरेसे असते, फक्त तसे त्याला सांगावे. चोरीची थीम मात्र वापरू नये. नाशिकरोडच्या एका क्लासची वेबसाइट मला दुरुस्तीला आली, तेव्हा तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत जुगाराच्या वेबसाइटचे चाळीसेक दुवे दडवलेले सापडले. ते थीमबरोबर फुकट आले होते, आणि क्लासच्या सरांना वर्षभर त्याची गंधवार्ताही नव्हती.

आपसांतील पैशांचे तर बोलायलाच नको. मी डिझाइन करते, कोडचे काम सिन्नरचा एक सहकारी करतो, छायाचित्रे आणखी एक मैत्रीण काढते. ‘‘क्लायंटकडून आले की देते’’ हे वाक्य मी त्यांना अनेक वर्षे ऐकवले. ते कारखान्याच्या अकाउंट्समधून मला ऐकू येणाऱ्या वाक्याहून कोठे वेगळे होते? आता अ‍ॅडव्हान्स आला की त्याच दिवशी त्यातला त्यांचा वाटा त्यांच्या खात्यात जातो, आणि कोण किती घेणार हेही त्याच एका पानावर ग्राहकाशी बोलण्यापूर्वी आमच्यात लिहिलेले असते.

नाशिकमध्ये निमा आणि आयमा यांसारख्या उद्योजकांच्या संघटना आहेत. त्यांनी मराठीतील असा एक पानी नमुना करार वकिलाकडून तपासून घेऊन आपल्या सभासदांना उपलब्ध करून दिला तर सिंहस्थाच्या या घाईत दोन्ही बाजूंची मोठी सोय होईल. मी वापरते तो मसुदा त्यासाठी देण्यास मी तयार आहे. आणि ज्या वाचकांची वेबसाइट आधीच चालू आहे, त्यांनी आपल्या डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना कोणाच्या ई-मेलवर येते एवढे या आठवड्यात तपासून पाहावे; उत्तर ‘आमच्या त्या मुलाकडे’ असे आले, तर त्या मुलाचे काही देणे राहिले आहे का हेही त्याच बैठकीत पाहावे.

आपली,
एक स्वतंत्र वेब डिझायनर,
इंदिरानगर, नाशिक