बॉल कॉक झाला!

प्रिय मित्रा,

‘झाला का तुझा बॉल कॉक?’ एवढंच विचारलंस, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने पाणी आपोआप बंद करणारा हा नळ घरी बनवताना मी हरलोय अशी तुझी खात्री दिसते. अरे, झाला! पण तीन वेळा टाकी वाहिल्यावर.

आधी मी अर्ध्या इंची पाइपचं तोंडच थेट बंद करायला निघालो. बिजागरीला २० सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, बिजागरीपासून ४ सेंटिमीटरवर रबराची चकती, टोकाला अर्ध्या लिटरची रिकामी बाटली, बूच घट्ट लावून. पाणी चढलं, पट्टी उचलली गेली, धार बारीक झाली... आणि बाटली जवळपास पूर्ण बुडाली तरी थांबेना. मग लिटरची बाटली लावली. पट्टीच वाकली. मग दोन बाटल्या बांधल्या. हसू नकोस.

शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जिथून पाणी येतं ती वरची टाकी इथून १० मीटर उंच, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा रेटा. पाइपचं तोंड आतून १५ मिलिमीटर, म्हणजे चकतीवर पावणेदोन किलो! पट्टीने तो पाचपट हलका केला तरी टोकाला ३५० ग्रॅमची उचल हवी, वर बाटली-पट्टीचं वजन वेगळं. मी बाटल्या मोठ्या करत बसलो होतो आणि दुखणं भोकाचं होतं. पाइपच्या तोंडावर टोपण बसवून त्याला ६ मिलिमीटरचं भोक पाडलं. रेटा २८० ग्रॅमवर आला, टोकाला जेमतेम ५६. पहिलीच अर्ध्या लिटरची बाटली आता ऐटीत काम करते. टाकी भरायला वेळ लागतो, लागू दे.

तरी थेंब थेंब गळत होतंच. ड्रिलने भोकाच्या कडेला धारदार कंगोरे आले होते, ते रबरात रुतायचे. कानस मारली, वर पॉलिश पेपर फिरवला. चकतीसाठी सायकलची ट्यूब फार पातळ पडली. जुन्या रबरी चपलेची टाच चांगली बसली. (पाणी बागेचं आहे, पिण्याचं असतं तर चप्पल लावली नसती!)

मग रात्री टकटक सुरू झाली. धार पडून लाटा उठायच्या, बाटली डोलायची, चकती उघडझाप करायची. बाटलीभोवती बुडाशी बारीक भोकं पाडलेली बादली टांगली. आत पाणी संथ चढतं, टकटक बंद.

तू करशील तेव्हा एक गोष्ट सांभाळ: भोकाचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा वर ठेव. ते बुडालेलं असताना वरून येणारं पाणी बंद झालं, तर टाकीतलंच पाणी उलटं पाइपात ओढलं जाऊ शकतं. आणि ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा जाड घे, कारण माझ्यासारखा कारागीर कधी चुकेल सांगता येत नाही.

बाटली मात्र उन्हाने कडक व्हायला लागलीय. तुझ्या अडगळीत तो जुना पितळी गोळा अजून पडला असेल, तर येताना घेऊन ये. पोचा आलेला चालेल, भोक पडलेला नको.

तुझाच,
टाकीवाला