बाबा, बोर्ड बदलू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांच्या विमान उडवायच्या गेमसाठी, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरसाठी, कॉम्प्युटरमध्ये काय बदलायचं हे फोनवर नीट बोलणं होतच नाही, बाबा मधेच "थांब, लिहून घेतो" म्हणतात आणि पेन सापडेपर्यंत आई फोन घेऊन जेवलीस का विचारते, म्हणून सरळ टाईप करून पाठवतेय. प्रिंट काढून ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर चार गुड मॉर्निंग आले की हे खाली गाडलं जाईल.

बाबा, दुकानवाल्याला अजून हो म्हणू नका. त्याचं कोटेशन बघितलं मी. नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, डीडीआर५ रॅम, वर कॅबिनेटपण नवीन! कॅबिनेट बदलून विमान काय वेगळं उडणार आहे? तो फसवतोय असं नाही म्हणत मी, कोणी शून्यापासून मशीन बांधत असेल तर मीपण एएम५ सॉकेटचाच (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड घ्या म्हणेन, कारण एएमडीने ते सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवणार असं सांगितलंय. पण तुमचा जुन्या एएम४ सॉकेटचा बी४५० बोर्ड ठणठणीत आहे, आणि एएम५ वर गेलं की जुनी डीडीआर४ रॅम चालतच नाही, सगळी नवीन घ्यावी लागते. आणि रॅम घ्यायला याहून वाईट वेळ नाही. एआयच्या डेटा सेंटर्सना इतकी मेमरी लागतेय की सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन हे तिघे मोठे तिकडेच माल वळवतायत, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल नावाने घरगुती गिऱ्हाइकांना विकणं बंद करतोय असंच जाहीर केलं. म्हणजे आत्ता डीडीआर५ घ्यायची तर वर्षभरापूर्वीच्या भावाच्या कितीतरी जास्त मोजायचे, आणि ते कशासाठी, तर गेममध्ये आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला जाण्यासाठी.

आता खरं दुखणं कुठंय ते सांगते. तुम्ही फ्लाइट सिम्युलेटरच्या स्क्रीनचा जो फोटो पाठवला ना, डेव्हलपर मोड चालू करून, त्यात कोपऱ्यात "लिमिटेड बाय मेनथ्रेड" लिहिलंय. मेनथ्रेड म्हणजे गेमचं मुख्य काम, जे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. म्हणजे तुमचं ३०६० ग्राफिक्स कार्ड नुसतं वाट बघत बसलंय, त्याला काम पुरवणारा प्रोसेसरच मागे पडतोय. तुमचा प्रोसेसर रायझन ५ २६०० हा २०१८ चा, तेव्हा छान होता, पण मुंबईवर उतरताना खालच्या इमारती, ट्रॅफिक, बाकीची विमानं हे सगळं एकदम आलं की त्याला झेपत नाही, म्हणून चित्र अडखळतं. तुम्ही उगाच ग्राफिक्स लो करत बसता, त्याने यात फारसा फरक पडत नाही.

यावर तुमचं उत्तर १२ कोअरवाला (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात) ५९००एक्स, कारण १२ म्हणजे तुमच्या आत्ताच्या ६ च्या दुप्पट. पण बाबा, सगळा भार त्या एका मेनथ्रेडवर असतो, बाकीचे कोअर बरेचसे बसून राहतात. या गेमला कोअरपेक्षा कॅश जास्त लागते. आई, तुझ्यासाठी सांगते, ही कॅश म्हणजे पैसे नव्हे, प्रोसेसरच्या आतलीच छोटी मेमरी, म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा आणि रॅम म्हणजे आतल्या खोलीतलं फडताळ, फोडणी तापलेली असताना दरवेळी आत पळावं लागलं तर काय होईल ते तुला माहितीच आहे. एएमडीने २०२२ मध्ये ५८००एक्स३डी काढला त्यात नेहमीच्या ३२ एमबी कॅशवर आणखी ६४ एमबीचा थर चढवला, एकूण ९६. मग जानेवारी २०२४ मध्ये त्याचाच थोडा कमी वेगाचा भाऊ ५७००एक्स३डी आला, ८ कोअर, कॅश तेवढीच, आणि दोन्ही तुमच्या जुन्या सॉकेटमध्येच बसतात. मला हाच हवाय तुमच्यासाठी. अडचण एवढीच की आता तो जिथे शिल्लक असेल तिथेच शोधायचा, मी इकडे बंगळुरात एसपी रोडला विचारून बघते. बिलासकट आणि वॉरंटीसकट नाहीच मिळाला तर साधा ५७००एक्स घेऊ, त्यात ३२ एमबीच कॅश आहे पण २६०० पेक्षा तोही बराच पुढे.

आणि तो सेकंडहँड १३व्या पिढीचा इंटेलचा आय७ प्रोसेसर अजिबात नको. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या मॉडेल्समध्ये व्होल्टेजचा घोळ होता, २०२४ मध्ये त्यांनी मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) अपडेट दिला, वॉरंटीपण दोन वर्षं वाढवली, पण आधीच खराब झालेली चिप अपडेटने बरी होत नाही आणि आधीच्या मालकाने तो कसा वापरलाय हे कोण सांगणार. शिवाय त्याला बोर्डही वेगळा.

रॅमचं त्यामानाने सोपंय. २०२४ च्या सिम्युलेटरला ३२ जीबी रेकमेंडेड आहे, तुमच्याकडे ८-८ च्या दोन म्हणजे १६. बोर्डवर दोन स्लॉट रिकामे आहेत, तशाच ८-८ च्या आणखी दोन टाकू. ३६०० स्पीडच्या वगैरे महाग रॅमच्या नादी लागायचं नाही, एक्स३डीला रॅमच्या स्पीडने तसा फारसा फरक पडत नाही, ३२०० सीएल१६ भरपूर झाली. चार पट्ट्या कधीकधी ३२०० वर कुरकुरतात, तसं झालं तर २९३३ वर ठेवू, तुम्हाला कळणारपण नाही. बायोसमध्ये (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालवायची सेटिंग, मात्र चालू पाहिजे, मला दाट संशय आहे की तुमची रॅम इतकी वर्षं २४०० नाहीतर २६६६ वरच धावतेय. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड दिसतो, बघून कळवा.

आणि प्लीज, प्रोसेसर मी आल्याशिवाय काढायचा नाही. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करायचा, तोही यूपीएसवर, मधे लाईट गेली तर बोर्डच जाईल. मग कूलर काढताना मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, कूलर हलकेच पिळून सोडवायचा, सरळ ओढला तर सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, वाकल्या की संपलं. २६०० बरोबर आलेला तो छोटा कूलर या नव्याला पुरणार नाही, १२० एमएम पंख्याचा टॉवर कूलर मी आणतेय, त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का तेवढं बघायचंय.

आई, तू म्हणतेस या वयात विमानं कसली उडवायची. अगं उडवू दे की! रिटायर झाल्यावर शेजारच्या काकांसारखं दिवसभर न्यूज चॅनेलवरची भांडणं बघत बसले असते तर चाललं असतं का तुला? फक्त रात्री अकरानंतर उड्डाण बंद, हा नियम तू कर, मी तुझ्या बाजूने आहे.

तर बाबा, उद्या तीन गोष्टी पाठवा, बोर्डाच्या मॉडेल नंबरचा फोटो, रॅमवरच्या स्टिकरचा फोटो, आणि कॅबिनेटची रुंदी टेपने मोजून, आतून, पट्टीने अंदाजे नाही. दुकानवाल्याचा फोन आला तर मुलगी बघतेय म्हणून सांगा.

तुमची,
पमू

ता. क. जुना २६०० कुणाला देऊन टाकू नका, नवीन नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत कपाटात राहू दे.